‘खाणीत? म्हणजे ऑफिसातच ना?’

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा टाका, मग वाचा.

माझ्या थोरल्या लेकीला नोकरी लागली. ग्रॅज्युएट मायनिंग इंजिनीअर. इंग्लंडच्या उत्तरेला, जमिनीखाली साधारण एक किलोमीटर. ही बातमी आपल्या लोकांत सांगितल्यापासून मला अभिनंदनापेक्षा सांत्वनच जास्त मिळतंय. ‘खाणीत? म्हणजे ऑफिसातच ना?’ हा पहिला प्रश्न. ‘अगं, पण तिला मॅथ्समध्ये ए-स्टार होता ना?’ हा दुसरा. जणू काही ए-स्टार मिळवून मुलगी वाया गेली. एका ताईंनी धीर दिला, ‘असू दे, दोन वर्षांनी एमबीए करून बाहेर पडता येईल.’ आणि एका काकांनी पॉटलकच्या रांगेत, हातातली पुरणपोळी सांभाळत सांगितलं, ‘आपण एवढ्या लांब आलो ते काय मुलांना खड्ड्यात उतरवायला?’

काका वयानं मोठे, तिथे मी गप्प बसले. इथे बसणार नाही.

माझ्या मुलीचं काही अडलेलं नाही. तिनं सिव्हिलमध्ये पदवी घेतली, कॉर्नवॉलला मायनिंगचं एम.एस्सी. केलं, ती कामाला लागली. ही पोस्ट दुसऱ्या एका मुलासाठी आहे. सतरा वर्षांचा आहे, आपल्यातलाच. मायनिंगची डिग्री अप्रेंटिसशिप करायचं त्याच्या मनात आहे, त्यासाठी त्यानं माझ्या मुलीला गाठलं, तासभर प्रश्न विचारले, आणि फोन ठेवताना म्हणाला, ‘प्लीज, माझ्या आईबाबांना सांगू नका.’ घरी त्यांना वाटतंय की पोरगं इकॉनॉमिक्सचा युकॅस फॉर्म भरतंय. कोण ते विचारू नका, मी सांगणार नाही. तुमचाही असू शकतो.

मुलानं चोरून सिगरेट ओढावी तसं चोरून इंजिनीअरिंगला अर्ज करावा, इतकं आपण काय करून ठेवलंय?

आधी ‘अप्रेंटिसशिप’ या शब्दाचं बघू, कारण निम्मी नाकं तिथेच मुरडतात. आपल्या डोक्यात अप्रेंटिस म्हणजे आयटीआय, निळा शर्ट, हातात पाना. बरं, मी सीए आहे. सीए म्हणजे काय हो? अप्रेंटिसशिपच की! आम्ही तिला आर्टिकलशिप म्हणायचो एवढंच. तीन वर्षं मी विदर्भातल्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजल्या, बँकांच्या ऑडिटला एसटीनं गेले, सिनिअरची बोलणी खाल्ली, आणि महिन्याला जो स्टायपेंड मिळायचा तो लुनाच्या पेट्रोललाही पुरायचा नाही. तेव्हा कुणी माझ्या आईला ‘पोरगी मजुरीला घातली’ म्हणालं नाही. ‘सीए करतेय’ म्हणाले. इथे इंग्लंडात आपली मुलं मोठ्या फर्ममध्ये ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट घेतात तेव्हा आपण स्टेटस टाकतो. ती काय वेगळी गोष्ट आहे? काम करता करता शिकायचं, परीक्षा द्यायच्या, शेवटी चार्टर्ड व्हायचं. मायनिंगमध्येही नेमकं हेच आहे. काही वर्षांचा अनुभव आणि कामाची नोंद दाखवली की आयओएम-थ्री या संस्थेमार्फत चार्टर्ड इंजिनीअर होता येतं. माझ्या नावापुढच्या ‘चार्टर्ड’ला मान आणि तिच्या ‘चार्टर्ड’ला कीव, हा हिशेब मला तरी जुळवता येत नाही.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय मला झोप येत नाही. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी पदवीची फी वर्षाला ९,५३५ पौंड होती. तीन वर्षांचे २८,६०५. राहण्याखाण्याचं कर्ज वेगळं. ऑगस्ट २०२३ नंतर शिकायला लागलेल्या मुलांना पगार वर्षाला २५,००० पौंडांच्या वर गेला की वरच्या रकमेवर ९ टक्के कापले जातात, आणि हे चाळीस वर्षांपर्यंत चालू शकतं. म्हणजे अठराव्या वर्षी घेतलेलं कर्ज साठीपर्यंत. डिग्री अप्रेंटिसशिपमध्ये मुलाला फी नाही, उलट पहिल्या दिवसापासून पगार. फी भरते कंपनी आणि सरकार. मोठ्या कंपन्यांकडून पगारखर्चाच्या अर्धा टक्का ‘लेव्ही’ म्हणून घेतला जातो, त्यातून ते पैसे येतात. वाण्याकडून पावशेर डाळ घेताना वजनाचा काटा बघणारे आपण, आणि इथे नुसत्या नावाला बुजून हे सोडून देतो?

कॉर्नवॉलची कॅम्बोर्न स्कूल ऑफ माइन्स १८८८ ची. आता ती एक्सेटर विद्यापीठाचा भाग आहे आणि पेन्रिनला भरते. विद्यार्थ्यांना शिकायला तिची स्वतःची खाण आहे, जमिनीखाली. मधल्या काळात, २०२० च्या सुमारास, त्यांनी नेहमीच्या मायनिंग पदवीचा प्रवेश थांबवला होता, कारण मुलंच येईनात. विचार करा, ज्या संस्थेतून शिकून गेलेल्या माणसांनी जगभरच्या खाणी चालवल्या, तिला घरच्या देशात विद्यार्थी मिळेनात. नंतर डिग्री अप्रेंटिसशिप आली आणि त्या पोराला तीच हवी आहे. आपण ज्याला ‘स्कोप नाही’ म्हणतो ना, ते कधी कधी असं असतं. गिऱ्हाईक आहे, दुकानात माणूस नाही.

‘पण इथे कोळसा तर बंद झाला!’ हो, झाला. यॉर्कशायरमधली केलिंग्ली ही शेवटची खोल कोळसाखाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफचं कोळशावरचं वीजकेंद्रही थांबलं. चांगलं झालं. पण खाण म्हणजे कोळसाच, हे समीकरण मात्र आपण चंद्रपुरातून किंवा ‘काला पत्थर’मधून उचललंय. मी स्वतः चंद्रपूरची. बाबा वेकोलित अकाउंट्सला होते. दुपारचा ब्लास्ट झाला की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि वाळत घातलेल्या चादरीवर काळी पूड बसायची. मला खाणीचं कौतुक शिकवू नका, तशी भीतीही घालू नका, दोन्ही मी लहानपणी पाहिलंय. आणि तिथे खाणीचा मॅनेजर म्हणजे कोण होता माहितीये? ऑफिसर्स कॉलनीत बंगला, दारात जीप, आणि त्याच्या मुलाचं स्थळ आलं तर घरातल्या बायका आठ दिवस तेच बोलायच्या. धनबादच्या ‘स्कूल ऑफ माइन्स’ला नंबर लागला तर पेढे वाटायचे. तोच व्यवसाय आठ हजार किलोमीटर लांब येऊन एकदम हलका कसा झाला बाप्पा?

असो. इथे कोळसा संपला, खाणी संपल्या नाहीत. व्हिटबीजवळ बोल्बीची खाण आहे, हजार मीटरपेक्षा खोल, तिचे बोगदे उत्तर समुद्राच्या तळाखालून जातात. तिथून पॉलिहॅलाइट निघतं, ते खत आहे. भारत आपलं पोटॅश जवळजवळ सगळं आयात करतो. नाशिकच्या द्राक्षाला आणि सांगलीच्या उसाला लागणारं पोटॅश कुठल्या ना कुठल्या परक्या देशातल्या खाणीतूनच येतं. त्याच बोल्बीत खोल एक प्रयोगशाळा आहे, तिथे शास्त्रज्ञ डार्क मॅटर शोधतात, कारण वरचा एवढा खडक अंतराळातून येणारे किरण अडवतो. चेशरमध्ये विन्सफर्डला मिठाची खाण आहे. हिवाळ्यात तुमच्या रस्त्यावर पडणारं ते तपकिरी मीठ आकाशातून पडत नाही. कॉर्नवॉलमधली साउथ क्रॉफ्टी ही टिनची खाण १९९८ मध्ये बंद पडली होती. ती पुन्हा उघडायचं काम चालू आहे, आणि २०२५ मध्ये सरकारच्या नॅशनल वेल्थ फंडानं तिच्यात पैसे घातले. टिन म्हणजे सोल्डर. सोल्डर म्हणजे तुमच्या लॅपटॉपमधला प्रत्येक जोड. कॉर्नवॉलमध्ये लिथियमही शोधतायत.

आणि लंडन? दिवाळीत पाहुणे आले की आपण त्यांना रॉयल अल्बर्ट हॉल दाखवतो. १९७४ मध्ये लतादीदी इथे गायल्या, असं सांगून फोटो काढतो. त्या हॉलच्या मागच्या रस्त्यावर रॉयल स्कूल ऑफ माइन्सची भली मोठी दगडी इमारत आहे. संस्था १८५१ ची. तिच्यासमोर कुणी फोटो काढत नाही. रिओ टिंटो, अँग्लो अमेरिकन, ग्लेनकोर या कंपन्यांचे शेअर याच शहरात विकले-घेतले जातात, तांब्याचा जगाचा भाव लंडन मेटल एक्स्चेंजवर ठरतो. तुमच्या वर्कप्लेस पेन्शनचं स्टेटमेंट उघडा आणि फंडात काय काय आहे ते वाचा. बहुतेकांच्या पेन्शनमध्ये खाणी निघतील. आपले पैसे खाणीत चालतात, मूल चालत नाही.

आता माझ्या धंद्याचं सांगते, कारण इथेच लोकांना कळत नाही की मायनिंग इंजिनीअर नेमकं करतो काय. त्यांना वाटतं, टोपी घालून फावडं मारतो.

खाणकंपनीच्या ताळेबंदात सगळ्यात मोठा आकडा बहुतेक वेळा जमिनीखालचा असतो. तो मोजायला आम्ही ऑडिटर जाऊ शकत नाही. गाठी मोजता येतात, पोती मोजता येतात, एक किलोमीटर खालचा खडक कसा मोजणार? तिथे दोन शब्द असतात, रिसोर्स आणि रिझर्व्ह. रिसोर्स म्हणजे जमिनीत धातू आहे, आणि तो कधीतरी काढता येईल अशी वाजवी आशा आहे. रिझर्व्ह म्हणजे त्यातला जो आज माणसाला सुरक्षितपणे, कायद्यात बसवून, नफ्यात बाहेर काढता येईल तेवढाच. या दोन आकड्यांमध्ये प्रचंड फरक असू शकतो, आणि पहिल्याचा दुसरा करायचं काम मुख्यतः मायनिंग इंजिनीअरचं. छत किती टिकेल, किती खांब सोडायचे, हवा कशी खेळवायची, पाणी कुठून शिरेल, एका टनाला किती खर्च येईल, सगळं धरून. मग त्या आकड्याखाली ‘कॉम्पिटंट पर्सन’ म्हणून नावानिशी सही होते. ऑस्ट्रेलियाच्या जॉर्क नियमावलीप्रमाणे ती सही करायला त्या प्रकारच्या कामाचा किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो. त्या आकड्यावर मग आमचं सगळं उभं राहतं. शाफ्टचा घसारा आम्ही वर्षांवर नाही, काढलेल्या टनांवर धरतो, म्हणजे रिझर्व्ह बदललं की नफा बदलतो. खाण बंद केल्यावर जमीन पूर्ववत करायला किती लागेल, त्याची तरतूद आजच करावी लागते. तो आकडाही इंजिनीअर देतो, मी फक्त त्यावर व्याजाचा दर लावते.

सही खोट्या आकड्यावर झाली तर काय होतं? ब्रे-एक्स आठवा. कॅनडातल्या कॅलगरीची कंपनी, इंडोनेशियात बुसांगला सोनं सापडलं म्हणून शेअर आभाळाला भिडले. १९९७ मध्ये कळलं की नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं, जमिनीत काही नव्हतंच. ऑन्टारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाचेही पैसे त्यात बुडाले. आमच्या व्यवसायात हे उदाहरण अजून सांगतात. म्हणून मी जेव्हा म्हणते की मला हुशार, गणित पक्कं असलेली, खोटं न खपवणारी मुलं त्या बाजूला हवीत, तेव्हा ते भावनेनं म्हणत नाही. ए-स्टार तिथेच लागतो, काकू.

पहिल्या वर्षी ग्रॅज्युएट मुलगी करते काय, तेही सांगते, कारण फोनवर रोज ऐकते. खाली जाताना आपला टॅग बोर्डावर लावायचा, वर आल्यावर काढायचा, म्हणजे खाली कोण आहे ते वरच्यांना कळतं. पट्ट्याला सेल्फ-रेस्क्यूअर अडकवलेला, हवा खराब झाली तर श्वासासाठी. मग कधी बोगद्यात वारा मोजायचा, कधी छत आणि जमीन किती जवळ आलीये ते मिलिमीटरमध्ये मोजायचं, कधी बोल्ट बरोबर बसलेत का ते तपासायचं. वर येऊन संगणकावर पुढच्या महिन्याचा आराखडा. काही महिने हवेच्या विभागात, काही खडकाच्या, काही आखणीच्या, आणि मग पाळीवर. वीस-पंचवीस वर्षं खाली काम केलेल्या माणसांना हिनं सांगायचं की आज इथे नाही, तिथे ड्रिल करा. पहिल्या आठवड्यात तिला एकानं विचारलं, ‘पुस्तकात वाचलंस का?’ तिनं उत्तर दिलं, ‘हो, आणि तुमच्याच कालच्या रिपोर्टात.’ आता तोच तिला बिस्किटं देतो. खाली उकाडा असतो, खडकच तापलेला असतो. ती घरी येते तेव्हा कपड्यांतून मीठ झडतं. माझं वॉशिंग मशीन कुरकुरतं, ती नाही.

आता दुसरी बाजू. मी कुणाला फसवणार नाही, तोटा नफ्याशेजारीच लिहायची सवय आहे.

हा धंदा वरखाली होतो, आणि वाईट होतो. व्हिटबीजवळच वुडस्मिथची खाण. आधी ती सिरियस मिनरल्स या कंपनीची होती. हजारो लहान गुंतवणूकदारांनी, त्यात स्थानिक लोक खूप, साठवलेले पैसे त्यात घातले. पैसा उभा राहिना तेव्हा २०२० मध्ये अँग्लो अमेरिकननं शेअरला साडेपाच पेन्स देऊन ती घेतली. २०२४ मध्ये अँग्लोनं कामाचा वेग कमी करायचा ठरवला आणि लोकांच्या नोकऱ्या गेल्या. प्लिमथजवळ हेमर्डनला टंगस्टनची खाण २०१५ मध्ये उघडली आणि २०१८ मध्ये कंपनी बसली. गोव्याचं तर आपण पाहिलंच. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं खाणकाम थांबवलं, २०१८ मध्ये ८८ लीज रद्द केल्या, आणि मांडवीतले बार्ज, डिचोली-सांग्याचे ट्रक जागच्या जागी उभे राहिले. मायनिंग शिकलेल्या पोरांना राज्य सोडावं लागलं.

इंग्लंडात खाणी मोजक्याच आहेत. पाचसात वर्षांत तुमचं मूल पर्थला किंवा कॅनडात जाईल ही शक्यता धरूनच चाला. तिकडे दोन आठवडे खाणीवर, एक आठवडा घरी, विमानानं ये-जा, अशा पाळ्या असतात. संसाराला ते जड जातं. सुरुवातीचा पगार लंडनच्या बँकेची बरोबरी करणार नाही. आणि धोका आहे. धनबादजवळ चासनाळ्याला डिसेंबर १९७५ मध्ये पाणी शिरून पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली, आमच्या घरी बाबा ते नाव हळू आवाजात घ्यायचे. आजची इथली खाण आणि तेव्हाची चासनाळा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मला कळतं, तरी लेकीची रात्रपाळी असली की सकाळी सहाला फोन बघितल्याशिवाय मी चहा टाकत नाही. पण मंडळी, कॉर्निश माणसांचं बघा. एकोणिसाव्या शतकात तांबं-टिनचा भाव पडला तशी ती जगभर पांगली, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, अगदी आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही आली. पोटासाठी घर सोडून, हातातलं कसब घेऊन. ती आपल्यासारखीच होती हो. एच-वन नव्हता एवढंच. मूल लांब जाईल म्हणून रडायचा हक्क आपल्याला कितपत आहे, आपले आईबाप अजून व्हिडिओ कॉलवर डोळे पुसतायत.

मुलगी आहे म्हणून जास्त बोललं जातं, तेही ऐकून घ्या. या देशात १८४२ च्या कायद्यानं बायकांना खाणीत उतरायला बंदी घातली. त्या वेळी त्या खाली कोळशाच्या गाड्या ओढत होत्या, म्हणून ती दया होती. पण ती बंदी १९८९ पर्यंत टिकली, तेव्हा ती दया उरली नव्हती. भारतात १९५२ च्या खाण कायद्यानं हेच केलं, आणि २०१९ मध्ये कुठे बायकांना तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी दिवसा जमिनीखाली जायची परवानगी मिळाली. आमच्या नागपुरात नव्वदच्या दशकात चंद्राणी प्रसाद वर्मा यांना मायनिंग इंजिनीअरिंगला प्रवेश मिळावा म्हणून कोर्टात जावं लागलं होतं. २०२१ मध्ये झारखंडच्या चुरीत आकांक्षा कुमारी भूमिगत कोळसाखाणीत रुजू झाल्या, तेव्हा पेपरात बातमी आली. तिकडे बायका कोर्टात जाऊन ही दारं उघडतायत आणि इकडे आपण उघड्या दारापुढे उभे राहून मुलीला विचारतो, ‘लग्नाचं काय?’ लग्नाचं होईल ते होईल. ज्या घराला सुनेच्या सेफ्टी बुटांची लाज वाटते ते घर मला आधीच कळलेलं बरं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे, आणि तो आपल्या मुलांचाच आहे. ‘मायनिंग म्हणजे पृथ्वीची वाट लावणं.’ हे मला कुणा काकांनी नाही, माझ्या धाकट्यानं जेवताना सुनावलं. खोटं नाही ते. वेल्समध्ये अ‍ॅबरफनला २१ ऑक्टोबर १९६६ ला खाणीच्या मातीचा डोंगर शाळेवर सरकला, ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्योला जानेवारी २०१९ मध्ये खाणीच्या गाळाचं धरण फुटून सुमारे २७० लोक मेले, आणि त्या धरणाला काही महिन्यांपूर्वीच स्थिर असल्याचा दाखला मिळाला होता. गडचिरोलीत सुरजागडच्या लोखंडावरून आदिवासींचा विरोध, रस्त्यावरचे ते ट्रक, हे मला कुणी सांगायला नको.

पण आपल्या ड्राइव्हवेवर विजेची गाडी उभी आहे. तिला पेट्रोलच्या गाडीच्या कितीतरी पट तांबं लागतं. छपरावर सोलर आहे, उत्तर समुद्रात पवनचक्क्या आहेत, त्यांचा आपल्याला अभिमान आहे. हे सगळं कुणीतरी, कुठेतरी खणून काढतंय. काँगोत, चिलीत, गडचिरोलीत. आपल्या नजरेआड खणलं की ते स्वच्छ होतं का? ब्रुमाजिन्योचा तो दाखला कुणा तरी शिकलेल्या माणसानंच दिला होता. त्या खुर्चीत कुणी बसावं, ‘नाही, मी सही करणार नाही’ म्हणू शकणारी तुमची मुलगी, की दुसरं कुणीही? धाकटा यावर म्हणाला, ‘आई, तू नेहमी शेवटी ऑडिटवरच येतेस.’ येते. काय करू?

तेव्हा घरात हा विषय निघाला, तर ‘लोक काय म्हणतील’ सोडून दुसरे प्रश्न विचारा. अप्रेंटिसशिप असेल तर कंपनी मधेच बुडाली तर पदवीचं काय होणार, हे लेखी मागा. कंपनीचे गेल्या तीन वर्षांचे हिशेब कंपनीज हाउसवर फुकट बघायला मिळतात, उघडा आणि कर्ज किती आहे ते वाचा. नसेल कळत तर मला पाठवा. खाण एका धातूवर जगते की अनेक, ते विचारा. मुलाला उन्हाळ्यात एक आठवडा तरी एखाद्या दगडाच्या क्वारीवर काम बघायला पाठवा, नाद असेल तर टिकेल, नसेल तर तिथेच उतरेल. आणि तुम्ही स्वतः एकदा वेकफिल्डजवळच्या नॅशनल कोल मायनिंग म्युझियमला जा. जुन्या कॅपहाउस खाणीत पिंजऱ्यातून १४० मीटर खाली नेतात, आणि पूर्वी खरोखर खाणीत काम केलेले गाइड भेटतात. फोन आणि बॅटरीवरची घड्याळं वरच ठेवायला लावतात, ठिणगीच्या भीतीनं. आम्ही लीड्सकर अर्ध्या तासात पोचतो, तरी आपल्यातले किती जण गेलेत? यॉर्कला मात्र दरवर्षी.

माझी लेक या महिन्यात रात्रपाळीला आहे, दुपारी दोननंतर उठते. कुणाला तिच्याशी बोलायचं असेल तर मला इनबॉक्स करा, मी जोडून देईन. फक्त एक अट आहे. मेसेज मुलानं किंवा मुलीनं स्वतः करायचा. पालकांच्या प्रश्नांना मी उत्तरं देईन, आणि ती इतकी गोड नसतील.